जीप चार बोटं उचलली

कल्याण ते शीळफाटा या रस्त्यावर माझ्याइतका चांगला जीप ड्रायव्हर कोणी नव्हता. दुसरी जीपच नव्हती.

जीप आमच्या मानपाड्याच्या मालकाची. लढाई संपल्यावर मिलिटरीने जुन्या गाड्या लिलावात काढलेल्या, त्यातली. रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्या आणि मधे मातीचा उंचवटा. त्यावर जीपचं पोट घासायचं. मालकाची आई दर मंगळवारी शीळफाट्याला लेकीकडे जायची. पोट घासलं की मागून ओरडायची, "मेले गं!"

एक दिवस मालक म्हणाला, "परत घासली ना, तर मी बैल जुंपतो. आणि तू जा मिठागरावर."

मिठागरावर मी चार वर्षं काढलेली. तिथे पायांना भेगा पडायच्या आणि भेगांत मीठ जायचं. ड्रायव्हर झाल्यापासून मी चपला घालायला लागलेलो.

म्हणून जीप घेऊन ठाकुर्लीच्या लोहाराकडे गेलो. तो बैलगाड्यांचीच कामं करायचा. गाडी ज्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांवर बसते त्यांना पाटे म्हणतात. मोडक्या ट्रकचे पाटे त्याच्याकडे पडलेले. चारी चाकांना एकेक जास्तीचा पाटा घातला की गाडी वर.

"किती उचलू?"

"चार बोटं," मी म्हटलं. शाळेत गेलो असतो तर इंचात सांगितलं असतं.

पुढच्या पाट्यांची कमान मी माझी बोटं लावून मापून दिली आणि चहाला गेलो. मागच्या पाट्यांना लोहाराने स्वतःची बोटं लावली. माझी बोटं म्हणजे शेवग्याच्या शेंगा. त्याचं एकेक केळ्याएवढं.

परत आलो तर जीप पाणी प्यायला वाकलेल्या बैलासारखी उभी.

"काय रे हे?"

"चार बोटं," लोहार म्हणाला आणि हात पुढे केला. मी मोजली. चारच होती.

मंगळवारी निघालो. पोट एकदाही घासलं नाही. मी एवढा खूश की मागे बघितलंच नाही. मागचं बाकडं आता उतरतं झालेलं. म्हातारी घसरत माझ्या पाठीपर्यंत यायची, मागे सरकायची, परत यायची. मला वाटलं, आजी पाठ थोपटतायत. नवे पाटे असे कडक की दगड आला की ती बाकड्यावरून उडायची. शीळफाट्याला तिला खाली उतरवायला लेकीने घरातलं उखळ आणून पालथं घातलं.

संध्याकाळी मालक अंगणातच उभा. "घासली काय रे?"

"एकदा पण नाही!" मी छाती काढून सांगितलं आणि साक्षीला आजींकडे बघितलं.

म्हातारी कंबर धरून उतरली.

"गारी नाय घासली. मी घासले. उद्यापासून बैल जुंप."

मालकाने माझ्या चपलांकडे बघितलं. मी घाईघाईने म्हटलं, "मालक, बैलगाडी पण येते मला."

"हा हाकनार आसंल," म्हातारी म्हणाली, "त मी चालत जाईन."