ओढ्याचा पंच

कोल्हापूरच्या पूर्वेला पंचगंगेकाठच्या त्या गावात ओढा कळणारा माणूस एकच, अण्णासो. तीस वर्षं शहरातल्या गटारी उपसलेला गडी. पाणी कुठनं येणार, कुठं तुंबणार, हे त्याला नुसता उतार बघून कळायचं. गावामागचा ओढा दहा महिने ठणठणीत कोरडा. पोरं त्यात क्रिकेट खेळायची. पण माळावर पाऊस झाला की तासाभरात कमरेएवढं पाणी घेऊन धावायचा. बुद्धजयंती झाली की अण्णासो खोरं घेऊन निघायचा आणि ओढ्यातली झुडपं काढायचा. पगार नाही, हुकूम नाही. काठालाच त्याचं दोन खोल्यांचं घर होतं, म्हणून.

अशा माणसानं ओढा नाही म्हणून सही केली. कशासाठी? खुर्चीसाठी!

झालं असं. तीन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, माजी सरपंच हंबीररावांनी ओढ्यालगतच्या माळाचे प्लॉट पाडायला काढले. ओढा मधे येत होता. तो बुजवायचा तर जागेचा पंचनामा हवा, दोन पंचांच्या सह्या हव्यात. त्यांनी अण्णासोला बंगल्यावर बोलावलं. पायरीवर नव्हे, आत.

"या अण्णासो, बसा की! पाण्यातलं तुमच्याएवढं कुणाला कळतंय? तुमच्या सहीला वजन हाय."

खुर्ची दिली. कपबशीतनं चहा दिला. बौद्धवस्तीतला हा माणूस साठ वर्षं त्या दारात कायम उभाच राहिला होता. चहा मिळालाच तर पायरीवर, कागदी पेल्यातनं. कागदावर लिहिलं होतं, 'सदर जागेत पाण्याचा प्रवाह आढळला नाही.'

"ह्यात खोटं काय हाय?" हंबीरराव हसले. "दिसतोय का कुठं प्रवाह?"

अहो, मे महिन्यात दिसणार कसा? पण अण्णासो हरभऱ्याच्या झाडावर चढला तो चढलाच. सही ठोकली. त्याखाली शेजारच्या गुंडूनं केली.

घरी शेवंताबाई भाकरी थापत होती. नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खुर्चीवर बसून आलासा व्हय? आता घरात पाणी आलं की तिच्यावरच पाय वर घिऊन बसा."

ओढ्याच्या जागी दोन पाइप घातले, वर मुरूम, वर रस्ता. अण्णासो पाइपांच्या तोंडाशी उकिडवा बसून बघून आला. माणूस सोडा, कुत्रंसुद्धा अंग चोरूनच आत शिरलं असतं. पण बोलणार कुठल्या तोंडानं?

यंदाच्या जुलैत सारं गाव मोबाइलवर नदीच्या बंधाऱ्यावरची पाण्याची फुटं बघत होतं. ही इकडची खोडच. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. म्हशी हलवायच्या त्यासुद्धा आकडा बघून. त्या दिवशी छत्तीस होतं. "छत्तीसच हाय, भ्यायचं काय कारण न्हाय," गुंडू म्हणाला. आणि दुपारी तीनला पाणी मागनं आलं! माळावरचा लोंढा उसाच्या पाल्यानं तुंबलेल्या पाइपांवर आपटला, रस्त्यावरनं वळला आणि गल्लीत घुसला. अण्णासोची मागची भिंत बसली. शेवंताबाईनं जन्मभर जमवलेला संसार चिखलात गेला.

आठवड्यानं तलाठी नुकसानीचा पंचनामा करायला आले. घर परत उभं राहायचं तर त्या मदतीवरच. त्यांनी जुने कागद चाळले.

"पुराचं पाणी म्हणावं तर त्या दिवशी नदी छत्तीस फुटावर. ओढ्याचं म्हणावं तर तिथं ओढाच नाही. ही सही कुणाची?"

"माझीच."

"मग पाणी आलं कुठनं?"

हात दाखवून अवलक्षण! अण्णासोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हंबीरराव छत्री घेऊन शेजारी उभे होते, करून सवरून नामानिराळे.

"अरं, अण्णासोंना खुर्ची आणा कुणीतरी," ते म्हणाले.

"खुर्ची नगं!" अण्णासो ओरडला. "लिवा सायेब. हितं ओढा हाय. माझ्या आज्ज्याच्या आधीपास्नं हाय. मी खोटी सही केलती, लिवा."

"अंगलट येईल तुमच्या."

"यायचं काय ऱ्हायलंय आता?" शेवंताबाई म्हणाली. "लिवा की."

तलाठ्यांनी लिहिलं. अण्णासोनं उभ्यानंच सही केली.

"आता दोन पंच द्या. घरातली माणसं चालत नाहीत."

गल्लीतल्या वीस घरांत पाणी शिरलं होतं. सगळी दारात उभी होती, हंबीररावांच्या छत्रीकडं बघत. अण्णासोनं गुंडूकडं बघितलं. गुंडूच्या घरात गुडघाभर चिखल होता. पण जुन्या कागदावर त्याचीही सही होती, आणि हंबीररावांच्या प्लॉटांवर माती टाकायला त्याचाच ट्रॅक्टर जात होता. त्यानं खिशातनं मोबाइल काढला.

"बत्तीसवर आलंय," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. "उतरतंय पाणी."

ओढा नाही म्हणायला पंच मिळाले होते. आहे म्हणायला एक मिळेना. तलाठ्यांनी कागद अण्णासोच्या हातात दिला, पंच मिळाले की आणून द्या म्हणाले आणि पुढच्या गल्लीत गेले.

तो कागद अजून अण्णासोच्या खिशात आहे. खाली सहीच्या दोन जागा, दोन्ही कोऱ्या.