पिवळं फडकं

वेरिबी या आमच्या परदेशातल्या उपनगराच्या मैदानावर तो दर शनिवारी दिसायचा. अमेरिकन फुटबॉलचा पंच, साठीचा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टात पोट न मावणारा. कुणी नियम मोडला की कोपऱ्यात वाळू बांधलेलं पिवळं फडकं मैदानात भिरकावायचा. मग ते उचलून, झटकून, चार घड्या घालून खिशात ठेवायचा.

त्या शनिवारी दहा सेकंद उरले होते. माझ्या मुलीचा संघ दोन गुणांनी मागे, आणि ती चेंडू घेऊन एकटीच धावत सुटलेली! मी आनंदाने दोन्ही हात उडवले. हातात आमच्या थालीपिठाच्या डब्याचं फडकं होतं, वर्षानुवर्षांच्या हळदीने पिवळंधमक झालेलं. ते हातातून सुटून वाऱ्याने थेट तिच्या पुढ्यात पडलं. पंचाने दंड दिला असं वाटून ती थांबली. मागच्यांनी तिला पाडलं आणि वेळ संपली.

"घड्याळ मागे घ्या हो, चूक माझी आहे!" मी मैदानात धावलो.

त्याने फडकं उचलून शांतपणे हुंगलं. "सॉरी, मेट. ती मैदानाच्या रेषेच्या आत पडली, अशा वेळी घड्याळ थांबत नाही. फडकं कुणाचंही असो, शिट्टी वाजेपर्यंत पळायचं असतं."

सवयीने चार घड्या घालून त्याने ते खिशात ठेवलं, मग जीभ चावून खिशातून फडकं काढून मला दिलं.

गाडीत मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, प्लीज. बोलू नकोस."

घरी डबा धुताना फडक्याच्या कोपऱ्यात बांधलेली वाळू हाताला लागली. आमचं फडकं त्याच्या खिशात गेलं होतं! मी मुलीला दाखवलं. तिने तोंड वाकडं ठेवायचा खूप प्रयत्न केला.

"म्हणजे पुढच्या शनिवारी," ती फिसकन हसली, "ज्याला दंड होईल, त्याला भूक लागेल."