बगळ्याचा हात

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळचे दहा. ठरलेली रक्कम बारा हजार रुपये. हजर: मी, बायको, दहावीतली मुलगी आणि फोनवर नागपूरच्या दिग्दर्शिका.

नागपुरात मुलांच्या टीव्ही कार्यक्रमात मी नऊ वर्षं बगळा होतो. टेबलाखाली उकिडवं बसायचं, उजवा हात वर करायचा. कोपरापासून वर बगळ्याची मान, बोटं म्हणजे चोच. कार्यक्रम बंद पडला तसा मी कोंढ्याला परतलो. आता तोच बगळा कॉम्प्युटरवर काढणार होते आणि माझा फक्त आवाज हवा होता. घरबसल्या काम, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

पण माझा उजवा खांदा दिवाळीपासून जखडलेला. हात छातीच्या वर जात नाही, आणि हात वर गेल्याशिवाय माझ्या गळ्यातून बगळा निघत नाही, हे मला त्या सकाळी कळलं. डावा हात वर करून पाहिला. तरी नाही.

"सर, हा बगळा नाही," दिग्दर्शिका म्हणाल्या, "हे तर बँकेचे मॅनेजर बोलून राहिले. बारापर्यंत जमलं नाही तर मला दुसरा आवाज घ्यावा लागेल."

बायको स्वयंपाकघरातून आली. "काहून जी, बगळा आजारी हाये का?"

"हात वर गेल्याबिगर तो बोलत नाई."

"मंग हात माहा घ्या. आवाज तुमचाच राहू द्या."

तिनं मुलीचा शाळेचा पांढरा मोजा हातात चढवला, माझ्या डोळ्यांसमोर मान उंच केली आणि चोच उघडली. आवाज आला, पहिल्याच वाक्याला. मुलगी रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं विसरली, म्हणून ते वाक्य पुन्हा घ्यावं लागलं.

पुढे बायकोला चेव आला. बगळा मध्येच माझ्याकडे वळून मला खालून वर न्याहाळू लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, "असं काय बघता? मासा नाही मी." संहितेत हे नव्हतं. दिग्दर्शिका हसल्या आणि ते ठेवा म्हणाल्या. पावणेबाराला काम संपलं.

"हात दुखून राहिला माहा," बायको म्हणाली. "नऊ वर्षं कसं केलं जी तुमी?"

कर कापून दहा हजार आठशे खात्यात आले. त्यातले पाच हजार चारशे बायकोला, हाताचे. सत्तर रुपये मुलीला, नव्या मोज्यांचे.