रणात कोण कोण जाणार

आमच्याकडे गुजरातेत वर्षाचा गहू एकदम भरून ठेवतात. एरंडेल चोळायचं, पिंपात टाकायचा, मग वर्षभर कीड लागत नाही. किश्श्यांना एरंडेलही लागत नाही. घरात अडीच वर्षांची नात आणि एकाहत्तर वर्षांचा घाबरट आजोबा असला, आणि त्या घराने पाच दिवसांच्या ट्रिपची तयारी दोन महिने केली, की पिंप आपोआप भरतं.

सकाळी बागेतल्या बाकावर मी हे सांगतो तेव्हा मित्र म्हणतात, "तू वाढवून सांगतोस." मलाही तशी शंका येते. पण मला शंका कशाची येत नाही? मी जन्मभर विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं. त्यामुळे जगात कुठलीच गोष्ट मला अशक्य वाटत नाही. विशेषतः वाईट!

*

सुरुवात एका रविवारी जेवणाच्या टेबलावर झाली. माझा मुलगा निखिल लॅपटॉप उघडून बसला होता. तो एका केमिकल प्लँटमध्ये सेफ्टी बघतो, त्यामुळे घरातला वाढदिवससुद्धा एक्सेल शीटवर होतो. डिसेंबरात आधी छोट्या रणात घुडखर, म्हणजे तिथली रानगाढवं बघायची, मग मोठ्या रणातलं पांढरं मीठ बघायचं, असा बेत होता. गाडी स्वतःची. माणसं पाच.

"बाबा, तुम्ही येणार ना?" त्याने विचारलं.

"नको रे," मी म्हणालो. "तुम्ही जा. मजा करा."

इथे थोडा खुलासा हवा. माझं लहानपण इथल्याच जुन्या वस्तीत, नागरवाड्यात गेलं. आमच्या घरी पहिल्या 'नको'ला काही अर्थच नसायचा. दुसरा 'नको' म्हणजे माणूस विचार करतोय. तिसऱ्या 'नको'ला लाडू ताटात पडायचा! माझे वडील तर तिसरा 'नको' म्हणतानाच ताट थोडं पुढे सरकवायचे.

मी दुसऱ्या 'नको'ची तयारी करून बसलो. निखिल म्हणाला, "ओके."

आणि त्याने माझी ओळ डिलीट केली! प्लँटमध्ये नको म्हणजे नको. व्हॉल्व्ह बंद म्हणजे बंद. माझ्या डोळ्यांदेखत त्याने त्या जागी टाइप केलं : 'मागची डावी सीट – पाण्याचा जग, २० लिटर.'

माझी बायको मंगल माझ्याकडे बघत होती. उतू गेलेल्या दुधाकडे बघतात, तसं.

*

पुढच्या आठवड्यात ओवीला, म्हणजे नातीला, डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. ट्रिपच्या आधी एकदा दाखवून घ्यावं म्हणून. मी प्रश्नांची यादी करून गेलो. मीठ उडून डोळ्यांत गेलं तर? दिवसा ऊन आणि रात्री थंडी, तर स्वेटर किती वाजता घालायचा? विंचू? रणात रस्ता चुकला तर अडीच वर्षांचं मूल किती वेळ बिस्किटांवर राहू शकतं?

डॉक्टरीण बाई शांतपणे ऐकत होत्या. दहाव्या प्रश्नानंतर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ओवी एकदम फिट आहे. बिनधास्त न्या," त्या निखिलला म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, "आजोबा पण येणार आहेत का बरोबर?"

"नाही, ते घरीच थांबणार आहेत."

"मग काही प्रश्नच नाही!"

*

आमची सून हेतल आणंदची. मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलते, फक्त घाईत असली की मधूनच गुजरातीत जाते. आणि नाश्त्याचा विषय निघाला की तिला नेहमीच घाई असते.

तिची यादी अशी : थेपले, सुकी भाकरी, छुंदा, मठिया, शेव, परत थेपले.

"हेतल, थेपले दोनदा लिहिलेत," निखिल म्हणाला.

"पहिले रस्त्यात खायला. दुसरे, पहिले संपले तर."

"अगं, रणात माणसं राहतात. तिथे जेवायला मिळतं."

"पण ती माणसं पण थेपलाच खातात ने? मग आपले शू खोटे? काय वाईट?"

सेफ्टीवाल्याने दोन्ही थेपले शीटवर चढवले. मी मात्र मनात मोजत होतो. थेपल्यांचे दोन डबे, मठियांचे तीन. घरातून सगळं चाललं होतं. छुंद्याच्या लोणच्यालासुद्धा जागा होती!

*

मग माझ्या आयुष्यात आशेचा एक किरण आला. तो पिवळ्या रंगाचा होता आणि प्लास्टिकचा होता. ओवीची पॉटी.

ओवी नुकती त्यावर बसायला शिकली होती, पण तिची एक अट होती. शेजारी पाटावर आजोबा बसले पाहिजेत आणि त्यांनी कोल्ह्याची गोष्ट सांगितली पाहिजे. दुसरं कोणी चालत नाही. मंगलने एकदा गोष्ट सांगून पाहिली, तर ओवी म्हणाली, "तू नको. तू लवकर संपवते."

प्रवासात हे कसं जमायचं, म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये रंगीत तालीम झाली. डिकी उघडली, आडोशाला पॉटी ठेवली, शेजारी पाट, पाटावर मी. वॉचमनने जाता जाता मला सॅल्यूट केला. तालीम यशस्वी झाली. मी उठलो तो ताठ मानेने. आता मला कोण सोडून जाणार? मी तांत्रिकदृष्ट्या अत्यावश्यक होतो!

"मस्त," निखिल म्हणाला आणि त्याने मोबाइल खिशात टाकला. त्याने सगळी गोष्ट रेकॉर्ड केली होती.

दुसऱ्या दिवशी मोबाइल पाटावर ठेवला. ओवीने त्याच्याकडे पाहिलं, ऐकलं, आणि काम उरकलं. एका मोबाइलने माझी जागा घेतली!

फक्त एक घोटाळा झाला. रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच माझी नजर गाडीच्या चाकाकडे गेली होती. त्यामुळे आता आमच्या घरात ती गोष्ट अशी आहे : "कोल्हा द्राक्षाच्या वेलाखाली आला. कोल्ह्याने वर पाहिलं. कोल्हा म्हणाला, निखिल, मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटतेय का रे?"

ओवीला हे तोंडपाठ आहे. मला भीती अशी, की ती शाळेत जाऊन सांगेल.

*

मी शेवटी शास्त्राचा आधार घ्यायचं ठरवलं. सरळ 'मला यायचंय' म्हणायला जीभ रेटत नव्हती. पण अहवाल लिहायला जीभ लागत नाही. मी चार दिवस बसून नऊ पानांचा अहवाल लिहिला. लहान मुलासह वाळवंटी भागातला प्रवास : धोके आणि उपाय. शेवटचा निष्कर्ष मला आधीच माहीत होता. मागच्या सीटवर मुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठं माणूस हवं.

पण अभ्यासात एक वाईट खोड असते, तो आपल्याला पाहिजे तिथे जात नाही. थांबे कोणामुळे वाढतात? वयस्कर माणसामुळे. औषधं कोणाची जास्त? वयस्कर माणसाची. ड्रायव्हरचं लक्ष कोण विचलित करतं? 'सावकाश, सावकाश' म्हणणारा माणूस. प्रामाणिकपणे लिहायचं तर लिहावंच लागलं. सातव्या पानावर मी खोडरबर हातात घेतलं. खोडून टाकावं असं दोनदा वाटलं. पण चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना जे करू नका म्हणून ओरडलो, ते आता एका सीटसाठी करायचं?

निखिलने नऊच्या नऊ पानं वाचली. "बाबा, फार सुंदर काम केलंय. म्हणजे तुमच्या अभ्यासानुसार तुम्ही न येणंच बरोबर आहे."

"एकदम परफेक्ट, बाबा!" हेतल म्हणाली.

ते दोघं गेल्यावर मंगल हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "पीएचडी झालेला माणूस! स्वतःच्याच विरुद्ध केस लढला, आणि जिंकला!"

"मग तू सांग ना त्याला," मी म्हणालो.

"मी नाही सांगणार. चव्वेचाळीस वर्षं तुमच्या मनातलं मीच सांगतेय. तोंड तुमचं आहे, मुलगा तुमचा आहे. जा."

मी गेलो. निखिल बाल्कनीत होता. मी त्याच्यापुढे उभा राहिलो, घसा साफ केला.

"काय बाबा?"

"स्टेपनी चेक केलीस का?" मी विचारलं.

*

ट्रिपच्या आधीच्या रविवारी डभोईपर्यंत ट्रायल झाली. ओवी तिच्या सीटवर पट्टे बांधून किती वेळ बसते, हे निखिलला बघायचं होतं. पाण्याचा जग अजून भरलेला नव्हता, म्हणून त्या जागेवर मला बसवलं. ट्रायलपुरतं.

ओवी छान बसली. मी तिला महिनाभर चित्रं दाखवून घुडखर शिकवत होतो. डभोईच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने विटा लादलेलं एक गाढव चाललं होतं. ओवी किंचाळली, "घुडखर!" आणि मग समाधानाने म्हणाली, "झालं. घरी चला."

सगळे हसले. पण मी शिक्षक माणूस. चुकीचं ज्ञान मला सहन होत नाही.

"ओवी, हे गाढव. गाढव काम करतं. ओझी उचलतं. मालक म्हणेल तिकडे जातं. घुडखर काही काम करत नाही. नुसतं इकडेतिकडे फिरतं आणि कोणाचं ऐकत नाही. कळलं?"

ओवीने खूप विचार केला. गाडी चालवणाऱ्या बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पप्पा गाढव," ती म्हणाली. "आजोबा घुडखर!"

गाडी बाजूला घेऊन निखिलने डोळे पुसले. हेतल म्हणाली, "बाबा, एकदम बराबर शिकवलं तुम्ही!"

मंगल मात्र खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पहिलं पटलं. दुसऱ्याचं काही खरं नाही. घुडखर निदान रणात तरी असतं."

*

निघायचा दिवस उजाडला. सकाळचे सहा, चांगली थंडी. मी लेंगा, स्वेटर, कानटोपी आणि पायात घरातल्या सपाता अशा वेषात निरोप द्यायला खाली उतरलो. दोन महिने माझ्या हातात होते, आणि मी एक वाक्य बोलू शकलो नव्हतो. आता बोलण्यात अर्थ नव्हता. सामान लावून झालं होतं.

ओवीला झोपेतून उचलून आणलेलं. तिने सीटवर बसताच भोंगा लावला. हेतल वर दुधाची बाटली आणायला गेली होती, निखिल डिकीशी झगडत होता. मंगल ओवीच्या पलीकडे बसून तिला समजावत होती. मी दार उघडून ओवीच्या शेजारी बसलो. एक मिनिटासाठी. ओवीने माझं बोट धरलं, दोन हुंदके दिले आणि झोपली.

आमच्या घरात एक नियम आहे. ओवी झोपली की जग थांबतं. आम्ही बेल बंद करतो, कुकर बंद करतो, भांडण असेल तर तेही बंद करतो. हेतल खाली आली, तिने आत पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. निखिल वीस लिटरचा जग छातीशी धरून दारात उभा राहिला. तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

"बाबा, बोट निघेल?" तो कुजबुजला.

"प्रयत्न करतो." मी केला. "नाही निघत."

"हलवू नका ने!" हेतल कुजबुजली. "ही उठली तर बगोदऱ्यापर्यंत रडेल!"

जग वॉचमनच्या केबिनमध्ये गेला.

"वासदपर्यंत चला," निखिल म्हणाला, "ती उठली की बघू."

"अरे, पण घर उघडं आहे!" मी म्हणालो. मंगलने पदराआडून किल्ली वर करून दाखवली; हेतलकडून तिने कुलूप लावून घेतलं होतं.

वासद गेलं. ओवी झोपलेली. बोरसद गेलं. ओवी झोपलेली. तारापूरला चहाला थांबलो, तेव्हा ती उठली, आपणहून उतरली आणि बिस्किट मागू लागली. मीही उतरलो. उन्हात ट्रक उभे होते आणि मी कानटोपी आणि सपाता घालून मध्ये उभा होतो. आणि देवाशप्पथ सांगतो, मला तसं म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं,

"बरं, मी आता इथून बसने परत जातो. तुमचा उगाच खोळंबा नको."

"चालेल," निखिल म्हणाला. "चहा घ्या, मग स्टँडवर सोडतो."

मी मंगलकडे पाहिलं. ती गाडीतून एक कापडी पिशवी काढत होती. पिशवीतून वर्तमानपत्राचं पुडकं निघालं, पुडक्यातून माझे फिरायचे बूट निघाले, आणि बुटांत घडी केलेले मोजे. तिने ते माझ्या पायांपुढे ठेवले.

"हे कधी घेतलेस तू?" मी विचारलं.

"ते मग सांगते," ती म्हणाली. "आधी तुम्ही सांगा. ओवीची मूठ घराजवळच, वासणा रोडच्या पहिल्या सिग्नललाच सुटली होती. तिथून तारापूरपर्यंत कोणी कोणाचं बोट धरलं होतं?"

मी बूट घालायला खाली वाकलो.