जळक्या पट्ट्याचा वास

बमरोलीच्या यंत्रमागांच्या गल्लीत लूमच्या जळक्या पट्ट्याचा वास आला की आजही मला तो रविवार आठवतो. रविवारी चर्चला उपासनेला जाणाऱ्याचे लूम दुसऱ्यानं सांभाळायचे, अशी आम्हा भावांची रीत होती. त्या सकाळी मी माझे लूम धाकट्यावर सोपवले. पट्ट्यात बाही अडकून तो जागीच गेला.

दफनानंतर पाळकसाहेब म्हणाले, "देवाला हे त्याच्या जन्माआधीच ठाऊक होतं." आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मग तुझा काय दोष, बाळा?" तेव्हा किती हलकं वाटलं होतं! आता त्या हलकेपणाचीच किळस येते.

मी चर्चला गेलोच नव्हतो, सिनेमाला गेलो होतो. तेही देवाला आधीच ठाऊक असेल, पण तिकीट मीच काढलं होतं.

आई अजूनही रोज देवालाच विचारते, "का रे, बापा?"

मी तिच्या शेजारीच बसलेला असतो.