अजून तीन पानं

हिरामावशी इंग्रजी गोष्ट वाचायची ती गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला हाक मारल्यासारखी. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या आमच्या जीन्सच्या गाळ्यात नवीन आलेली बाई पहिल्यांदा दचकायचीच. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचं काम आम्हा सहा बायकांचं. जेवणानंतर अर्धा तास पाच जणी कात्री चालवायच्या आणि सहावी, म्हणजे मावशी, मांडीवर लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक घेऊन वाचायची. तेवढ्या वेळाचं तिचं काम आम्ही पाच जणी वाटून घ्यायचो.

वय साठीच्या पुढे, शिक्षण चौथी, तेही मराठी. पुस्तकं अंबरनाथच्या रद्दीवाल्याकडची. कुणाचं पहिलं पान गायब, कुणावर वरणाचा डाग. शब्द अडला की सुनेचा जुना फोन कानाला लावायची. फोन एकदा बोलला की ती दहादा बोलायची आणि आम्हालाही बोलायला लावायची. कुणी पुटपुटलं की संपलंच. "तोंडातल्या तोंडात काय? चोरी केलीय का आपण? फाडून बोल!"

एकदा कुठल्याशा काउंटरवर एका पोरगेल्या साहेबाने तिच्या हातातला फॉर्म काढून घेतला होता. "तुम्हाला नाही कळणार, आजी." हे सांगताना तिच्या नाकपुड्या अजूनही फुगायच्या. मी विचारलं, मग फॉर्मच का नाही शिकलीस, ही पोरांची पुस्तकं कशाला? तर म्हणाली, "फॉर्मातली इंग्रजी माणसाला हाकलते गं. गोष्टीतली या, बसा म्हणते. आधी बसू तर दे."

तिची एक रीत होती. रोजचा नवा शब्द ती शिंप्याच्या खडूने प्रत्येकीच्या दहा-दहा पँटींच्या खिशांत, अस्तरावर लिहायची. पँट हातात आली की खिसा उलटा करायचा, शब्द मोठ्याने म्हणायचा, धागे कापायचे, खडू झटकून टाकायचा. पडल, म्हणजे डबकं. व्हिस्कर, म्हणजे मांजराची मिशी. स्टबर्न, म्हणजे हट्टी. दहा पँटींनंतर शब्द जिभेवर बसलेला असायचा.

मी हे सगळं आधी गंमत म्हणूनच करत होते. माझी मुलगी प्राची कुळगावच्या एका इंग्रजी शाळेत दुसरीत होती. एकदा तिथल्या बाईंनी मला बोलावलं. बाई म्हणाल्या, घरी हिला कुणी वाचून दाखवत नाही, ही मागे पडतेय, पुढच्या वर्षी मराठी माध्यमाचा विचार करा. आणि महिन्याभराने पालकांनी वर्गात येऊन एकेक गोष्ट वाचायची आहे, पण "तुमचं नाव मी घेतलेलं नाही हं, तुम्हाला उगाच टेन्शन नको." मराठी माध्यम काही वाईट नाही, मी तिथलीच आहे. पण जायचं तर आम्ही ठरवून जाऊ. कुणी ढकलतंय म्हणून का जायचं?

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, कशाला हसं करून घेतेस?" मावशीने डब्याचं झाकण आपटलं. "नाव घाल म्हणावं तिला. पुस्तक मी देते."

पुस्तक होतं एका गाढवीचं. ती शेताच्या फाटकाला पाठ लावून उभी असते. मालक ओढतो, मालकीण गाजर दाखवते, सगळं गाव तिला स्टबर्न म्हणतं, पण ती काही हलत नाही. शेवटच्या तीन पानांत कळतं की फाटकामागे कोंबडीने अंडी घातलीत आणि फाटक उघडलं असतं तर ती फुटली असती.

मी बाईंना यादीत माझं नाव घालायला लावलं आणि जिद्दीला पेटले. एके दिवशी खडू संपला, तर मी बॉलपेनाने खिशांत स्टबर्न लिहून काढलं, आणि बोलण्याच्या नादात तो माल तसाच निघून गेला! चौथ्या दिवशी शेठ एक पँट उलटी धरून दारात उभे. "पार्टीने माल वापस भेजा है. ये स्टबर्न कौन है?"

मावशी उठली. "मी आहे," ती म्हणाली.

शेठनी गाळ्यात वाचायला बंदी घातली. रविवारी आम्ही सगळ्या जणींनी बसून ती अस्तरं बदलली. चूक माझी होती, पण मावशीने मला एका शब्दाने बोल लावला नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. "गाळा शेठचा. पायरी महापालिकेची." समोर टेम्पो, रिक्षा, हॉर्न. तिने आवाज आणखी चढवला. मला म्हणाली, "इथं ऐकू गेलं तर वर्गात काय घाबरायचंय?"

गोष्ट वाचायच्या दिवशी खाडा करून ती माझ्याबरोबर शाळेत आली. पांढरीशुभ्र साडी नेसून मागच्या बाकावर बसली. मी वाचायला लागले. तिसऱ्या पानावर मागे बसलेल्या पालकांतल्या दोन आया फिसकन हसल्या. माझा आवाज बसत चालला. नवव्या पानावर बाई गोड हसून म्हणाल्या, "व्हेरी नाइस, थँक यू. वेळ कमी आहे." मी पुस्तक मिटायला घेतलं. खरं सांगते, मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

"अजून तीन पानं आहेत," मागून आवाज आला.

"आजी, बाकीच्यांनाही वाचायचंय ना."

"वाचू देत की. आधीच्यांनी पुरं वाचलं, हिचंही पुरं होऊ दे. गाढवी का हलत नव्हती ते पोरांना कुठं कळलंय अजून?"

"व्हाय? व्हाय?" पोरं ओरडायला लागली, आणि त्यात माझी प्राची सगळ्यांत मोठ्याने. मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि फाडून वाचलं. पुढच्या वर्षी प्राची त्याच शाळेत तिसरीत गेली. रोज रात्री जेवणं झाली की मी तिला वाचून दाखवायचे, आता तीच मला दाखवते.

यंदाच्या उन्हाळ्यात मावशी गेली. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मी दोन दिवस कात्री हातात धरली नाही, इतका राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

अंबरनाथला तिच्या चाळीसमोर जलदानविधी झाला. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून तिच्याबद्दल बोलला. सगळे म्हणाले, बाई फार कष्टाळू होती. ती वाचायची हे एकानेही सांगितलं नाही. माझं डोकंच फिरलं. सुनेकडून गाढवीचं पुस्तक मागून घेतलं, उभी राहिले आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागे कुणीतरी हसलं. नवव्या पानावर तिचा दीर जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, आवरतं घ्या. जेवणं खोळंबलीत."

"अजून तीन पानं आहेत," मी म्हटलं, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं.