उस्तादची नव्वद टक्के बॅटरी

आमच्या उस्तादला गाण्याशिवाय रोलर उचलवत नाही. तो रंगारी, मी फरशीवाला. नव्या इमारतींतून वर्षानुवर्षं बरोबर राबलोय. भर दुपारी त्याचा फोन मान टाकायचा, आणि मग उरलेला दिवस याचं तोंड उतरलेलं.

कारण साधं होतं. सिमेंटच्या खोल्यांत रेंज यथातथाच, गाणं ओढून आणता आणता फोन बिचारा धापा टाकायचा. त्यात स्वारी गाणी लावायची ती व्हिडिओवर. स्क्रीन झगझगीत आणि फोन शर्टाच्या खिशात. बघणार कोण, तर खिसा!

एरवी हे खपून गेलं असतं. पण त्याच्या मुलीचे दिवस भरत आले होते. जावई लांब नोकरीला, उस्तादची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. "बाबा, मला आत नेण्याआधी तुम्ही दिसायला हवेत," मुलीने बजावलं. "त्या वेळी फोन बंद लागला तर बघा." मग तिनेच सगळी गाणी त्याच्या फोनमध्ये डाउनलोड करून दिली. आता नेट लागणार नाही, स्क्रीनही बंद ठेवा, म्हणाली.

उस्ताद खूश. पण आमचा शहाणा एक पाऊल पुढे. नेट लागत नाही, तर रेंज शोधण्यात तरी बॅटरी का जाळायची? त्याने फोन सरळ फ्लाइट मोडवर टाकला.

थोड्याच दिवसांत एका दुपारी माझा फोन वाजला. त्याची मुलगी. "काका, मी दवाखान्यात आलेय. बाबांचा फोन लागतच नाही हो." आवाज रडवेला. मी जिने चढत धावलो. उस्ताद शिडीवर, भिंत अर्धी ओली, गाणं जोरात. मला बघताच त्याने फोन नाचवला. "बघ! दुपार झाली, तरी नव्वद टक्के!"

मी त्याला स्क्रीनवरचं विमानाचं चिन्ह दाखवलं आणि पोरगी काय म्हणाली ते सांगितलं.

भिंत मध्येच सोडली की रंग वाळतो आणि सांधा दिसत राहतो. हा माणूस जेवायलासुद्धा कधी अर्ध्या भिंतीवरून उठला नव्हता. त्या दिवशी रोलर पडला तो तिथेच राहिला. मी त्याला गाडीवर मागे बसवलं आणि सुसाट निघालो.

तिला आत न्यायला निघालेच होते. उस्तादचे हात रंगाने पांढरेफटक, लेकीला लावावेत कसे म्हणून त्याने मागे धरलेले. कळ सोसत तिने विचारलं, "परत बॅटरी संपली ना?"

हो म्हणून सुटता आलं असतं. पण हा भाबडा म्हणाला, "नाही गं. नव्वद टक्के आहे."

ती तशातही हसली आणि त्याचा रंगाने माखलेला हात तिने ओढून घेतला. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

नात झाली. आता फोन खिडकीत, रेंज येते तिथे, गप पडून असतो आणि उस्ताद स्वतःच गातो. गळा असा भसाडा, की मी फरशा टाकून पळून जावं. पण फोन वाजला की गाणं तिथेच थांबतं, आणि भिंत अर्धी असली तरी उस्ताद शिडीवरून उतरतो.